बुडीत खाते

‘बुडीत’ या शब्दाचे आम्हा बँकवाल्यांना वावडे. पण अटलांटिस हे बुडीत खाते मला भारी आवडते. इसवी सनापूर्वी ३६०च्या सुमारास प्लेटोने ते उघडले. समुद्रदेव पोसायडनचे बेट, दहा राजे, अपार संपत्ती. पुढे माज चढला आणि एका दिवस-रात्रीत सगळे पाण्याखाली!

आता तारण काय, म्हणाल, तर इजिप्तच्या पुजाऱ्याने सोलोनला सांगितले, ते फिरत फिरत नव्वदीच्या आजोबांकडे आले आणि त्यांनी ते दहा वर्षांच्या नातवाला ऐकवले. अशा ऐकीव हमीवर आमचे साहेब सायकलीलासुद्धा कर्ज देणार नाहीत.

आपल्याकडेही यादव माजले आणि द्वारका समुद्राने गिळली. उलट परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण चक्क जमेस धरले. पुराणात बुडणाऱ्याचे काहीतरी चुकलेले असतेच.

पण चिंचवडात नळ सोडला की मला वेगळीच गावे आठवतात. हे पाणी मावळातल्या पवना धरणाचे. त्याच्या तळाशी गेलेल्यांना कसला आलाय माज? भातखाचरे होती, बस्स! उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे देऊळ तेवढे वर येते. प्लेटोच्या बेटाला ढीगभर ग्रंथ मिळाले. या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे.

तेव्हा बादली भरली की नळ बंद करावा. मुद्दल आपल्याच्याने फिटणार नाही. निदान व्याज तरी!