मुंबईंतील फोरास जमिनी व घरांचा बाजार

मुंबई बेटांतील घरजमिनींच्या जुन्या दस्तऐवजांत ‘फोरास’ हा पोर्तुगीज उगमाचा शब्द वारंवार आढळतो. संग्राहक त्यास एका किरकोळ कराचें नांव समजून पुढें जातात. वस्तुतः मुंबईच्या घरबाजाराचें बरेंचसें मर्म या शब्दांत सांठविलेलें आहे. सरकारनें जमीन किती दिली, यापेक्षां ती कोणत्या शर्तीनें दिली, यावर पुढील वाढीचा नफा कोणाच्या पदरीं पडला हें ठरलें, असें आमचें मत आहे.

महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी बेटाच्या मध्यभागीं शिरत असे. हॉर्नबीच्या बांधानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें बंद झालें व खारट, दलदलीची विस्तीर्ण जमीन उघडी पडली. ती लागवडीस आणणें कष्टाचें होतें. म्हणून सरकारनें ती अगदीं हलक्या फोरासीवर लोकांस दिली. लोकांनीं तेथें भातशेती केली. देतेवेळीं या जमिनीस मोल नव्हतें, म्हणून हक्काची चिकित्साही झाली नाहीं. पुढें वस्ती वाढूं लागली, तेव्हां ही जमीन परत घेण्याचा सरकारास हक्क आहे कीं नाहीं, असा वाद उपस्थित झाला. इ. स. १८५१ च्या सहाव्या कायद्यानें तो मिटला: ठरलेली फोरास देत राहावें, बाकी सरकारी हक्क सोडून दिला.

या कायद्याचा मुहूर्त लक्षांत घेण्याजोगा आहे. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १८५६ सालीं, ताडदेव येथें मुंबईंतील पहिली कापडगिरणी चालू झाली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा पैसा शहरांत लोटला. भाताच्या खाचरांवर गिरण्या व चाळी उठल्या, आणि फोरास मात्र होती तेवढीच राहिली. कब्जेदारांस हें घबाड अनायासें लाभलें. त्यांच्या पूर्वजांनीं चिखल तुडविला होता, हेंही विसरतां कामा नये. चाळींत राहणाऱ्या कामकऱ्याच्या वांट्यास मात्र यांतील कांहींच आलें नाहीं.

फजेंदारी जमिनींचा प्रकार निराळा. तेथें जमीन एकाची व तिजवरील घर दुसऱ्याचें असे. म्हणून एखाद्या खरेदीखतांत घराचें सविस्तर वर्णन असून जमिनीच्या विक्रीचा शब्दही नसेल, तर ती लेखकाची गफलत समजूं नये.

इ. स. १८९६ च्या प्लेगानंतर सरकारनें पवित्रा बदलला. १८९८ च्या कायद्यानें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा भागांत ट्रस्टनें जमीन संपादून, रस्ते आंखून भूखंड पाडले व ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिले. मालकी स्वतःकडे राखली आणि इमारत कशी बांधावी याच्या शर्तीही घातल्या. १९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. या पट्ट्यांनीं पांढरपेशांच्या सुबक वसाहती उभ्या राहिल्या हें खरें. परंतु गिरणकामगारास भूखंड घेणें शक्यच नव्हतें.

त्याच्यासाठीं सरकार स्वतः घरें बांधूं लागलें. १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें निघालें, कापसाच्या गांठीवर एक रुपया कर बसविण्यांत आला व पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सुटला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांतील पुष्कळशा खोल्या भाड्याच्या मानानें गैरसोयीच्या वाटून कित्येक वर्षें ओस पडल्या. शहरांत दाटी पराकाष्ठेची आणि सरकारी खोल्या रिकाम्या, असा तो चमत्कार होता!

या चाळींच्या पुनर्बांधणीस २०२१ सालीं हात घालण्यांत आला. जुनी इमारत पडते, तेव्हां तिच्याबरोबर घरांतील पेट्यांतले कागदही रद्दींत जातात. फोरासीच्या पावत्या, मोडींतील गहाणखतें, भाडेचिठ्ठ्या, चाळींच्या जमाखर्चाच्या वह्या हीं सरकारी दप्तरांत सांपडणारीं नव्हेत. सरकारनें दिलेल्या जमिनीचें बाजारांत पुढें काय झालें, तें यांवरूनच कळणार आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं जमिनीचा प्रकार, चतुःसीमा, मोबदला आणि फोरास भरणाराचें नांव एवढीं कलमें तरी उतरवून घेऊन मूळ कागद जपून ठेवावे.