परदेशी शिक्षण आणि परतीच्या अटी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. गुंजीच्या आमच्या घरी शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा सांभाळत आले. त्यांच्या नातीला इंग्लंडातील एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता आणि बँकेने शैक्षणिक कर्जाचा मसुदा दिला होता. मसुदा इंग्रजीत, तारणाच्या जागेचे कागद कन्नडात, आणि दोहोंचा अर्थ त्यांना मराठीत हवा होता. महसूल खात्यातील उभ्या नोकरीत आम्ही दाखले पुष्कळ लिहिले व तपासले. त्यामुळे गावात असे कागद अजूनही आमच्याकडे येतात. कलमे एकेक करून वाचून दाखवीत असता त्यांनी मध्येच थांबवून विचारले, ''साहेब, परत यायचं कलम कुठं आहे ह्यात?''

तसे कलम त्यात नव्हते. हप्ते, व्याज, जामीन, तारण हे सारे होते. त्यांच्या प्रश्नाचे प्रथम आम्हांस हसू आले. पण मागाहून वाटले की हा प्रश्न वेडगळ मुळीच नाही. परदेशी शिकावयास गेलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची चरित्रे चाळली तर जाण्यापूर्वी त्यांच्याकडून काही ना काही कबूल करून घेतलेलेच आढळते. कधी ती कबुली समाजाने घेतली, कधी संस्थेने, कधी संस्थानाने. तिथे थंडी किती, जेवणाचे हाल किती, यांचे वर्णन आपण आवडीने वाचतो. ज्या अटींवर ही मंडळी गेली त्या अटींचे पुढे काय झाले, इकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. त्या कथेचा आरंभ आपल्यापासून फार दूर नाही. गोपाळराव जोशी टपाल खात्यात कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका धार्मिक नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात ते आले आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले, आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधील सेरामपूर येथे, त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, इथे राहून ते शिक्षण का मिळत नाही, समाज बहिष्कार घालील त्याचे काय, अशा प्रश्नांची उत्तरे त्या अठरा वर्षांच्याही न झालेल्या मुलीने सभेपुढे उभे राहून दिली, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाहीही दिली. कोणी स्टँपपेपर पुढे केला नव्हता, तरी ही ग्वाही म्हणजे करारच होता. त्याच वर्षी त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मग आनंदीबाईंच्या शब्दाकडे सगळ्यांचे किती बारकाईने लक्ष लागले असेल, याची कल्पना करावी.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. अट पाळायची म्हणून आहार शाकाहारी, पोशाख देशी. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहत, तिथल्या हिवाळ्यात ते निभेना. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचे नेसण पत्करले. धर्म न मोडता थंडीशी केलेली ही तडजोड आम्हांस मोठी बोलकी वाटते. पुण्यात मात्र अशा लहानसहान बदलांचीही चर्चा होई. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली, तेव्हा समारंभास स्वतः रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परदेशी ज्ञानपीठात बसून त्यांनी लिहिले ते घरच्या बाळंतिणीच्या खोलीविषयी.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जागा देऊ केली. जिथून पत्र गेले होते तिथेच डॉक्टर म्हणून रुजू व्हायचे, असा योग जुळून आला होता. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. दिलेला शब्द पुरता पाळला गेला. ज्या रुग्णांसाठी तो सारा खटाटोप होता त्यांतील एकीचीही नाडी त्यांना कोल्हापुरात पाहता आली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या, त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

रखमाबाईंची कथा याच्या उलट. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिल्याचा त्यांचा खटला गाजला, समाजाला त्यांनी कसलीच ग्वाही दिली नव्हती. १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी कितीतरी वर्षे रुग्णसेवा केली. ज्यांच्यावर कोणी विश्वास टाकला नव्हता त्याच सर्वांत दीर्घकाळ कामास आल्या!

पुरुषांच्या बाबतीत अटीचे स्वरूप निराळे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कोकणातील मुर्डीचे. सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. अशा माणसाला मोठ्या पगाराची सरकारी जागा सहज मिळाली असती. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद व्हावयाचे ते आधीच ठरले होते, आणि आजीव सभासदाने वीस वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकवावयाचे असा त्या संस्थेचा दंडक होता. परांजपे परत आले, फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि १९०२ पासून तेथील प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. आमच्या लहानपणी गणितात हुशार मुलाला 'रँग्लर होणार काय?' असे वडीलधारी माणसे विचारीत. हा शब्द आपल्या घरांत आला तो त्यांच्यामुळे. त्या वीस वर्षांच्या शपथेचा उल्लेख मात्र कोणी करीत नसे.

लेखी कराराचे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, आणि ते आमच्यासारख्या कचेरीतील माणसाने विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी त्यांनी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान यांचे जेवढे वर्ग करता येतील तेवढे त्यांनी केले. १९१५ साली एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात जुनी पुस्तके घ्यायची, असा क्रम. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये दाखल झाले. तेथे वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली व परत यावे लागले. चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळविली. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणतीराने बुडाली. सामानाच्या भरपाईचे जे पैसे मिळाले त्यांतूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

म्हणजे करार पाळण्यासाठी हा मनुष्य बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांवर गेला! तिथे काय घडले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी विश्रामगृहात उतरावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दिवसभर निवारा शोधला; हिंदू मित्राने व ख्रिस्ती मित्राने आपापली अडचण सांगितली; शेवटी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. कागदावर संस्थानाच्या बाजूने सर्व काही चोख होते. विद्यार्थी शिकला, परत आला, रुजू झाला. शहराने त्याला एक खोली दिली नाही, आणि खोली देण्याचे कलम करारात नव्हते. पुढे त्या खर्चाच्या परतफेडीचा तगादा संस्थानाकडून लागला, हेही नमूद केले पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या औदार्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु औदार्य महाराजांचे आणि तगादा दप्तराचा असतो, हे नोकरी केलेल्यास सांगावयास नको.

दुसऱ्यांदा ते १९२० मध्ये लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेला पैसा, न्यूयॉर्कचे सोबती नवल भथेना यांच्याकडील कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, असा तो प्रवास उभा राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी या तरुणाचा जाहीर गौरव केला होता; निपाणीकरांना ते गाव शेजारचेच. यावेळी करार कोणाशीच नव्हता. वाचनालय उघडण्यापूर्वी दारात हजर, बंद होताना शेवटी बाहेर, आणि रात्रीच्या भुकेला देशाहून आलेले पापड, असे दिवस चरित्रकारांनी वर्णिले आहेत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. दोनच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेसाठी ते निपाणीस आले. ज्या दहा वर्षांच्या सेवेचे कलम बडोद्यात मोडले, ती सेवा अशी गावोगाव रुजू होत होती असे आम्ही समजतो.

आता आमच्या मुलखाविषयी थोडे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. बेळगावात लिंगराज कॉलेज १९३३ साली निघाले. त्यापूर्वी उच्च शिक्षण म्हणजे कोल्हापूरचे राजाराम, सांगलीचे विलिंग्डन किंवा पुणे. गुंजी, लोंढा, खानापूर या पट्ट्यातल्या मुलाला पुणे हाच परदेश होता. गंमत अशी की आमच्या स्टेशनावरून लोंढा, कॅसलरॉक करीत गाडी थेट मुरगाव बंदराला जाई. समुद्र जवळ, कॉलेज दूर. राज्य पुनर्रचनेनंतर आणखी एक गुंता झाला. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला महाराष्ट्राचा रहिवासी असण्याची अट आहे. कर्नाटक शासनाच्याही आपल्या योजना आहेत. त्यांचे अर्ज आणि दाखले कन्नडातून. आम्ही कर्नाटक शासनाचे मीठ खाल्ले आहे, त्या भाषेत तीस वर्षे टिपणे लिहिली आहेत, तेव्हा ही तक्रार नव्हे. परंतु ज्या शाहू महाराजांनी राज्याची सीमा न पाहता एका विद्यार्थ्याला मदत केली, त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती निपाणीच्या वेशीवर थांबते, याची नोंद कुठेतरी असावी.

म्हणून सर्वसाधारण घराला उरते ते बँकेचे कर्ज. साधारणतः साडेसात लाखांपलीकडे बँका तारण मागतात. शेजाऱ्यांची भातशेती होती, पण बँकेने शेतजमीन घेतली नाही. गावठाणातील घराचे कागद पुरेसे नव्हते. शेवटी बेळगावातील थोरल्या भावाचा प्लॉट पुढे आला. मुलगी शिकणार इंग्लंडात, जामीन बाप, तारण चुलत आजोबांचे. जुन्या करारांत जाणाऱ्याला बांधून घेत, आता मागे राहणारे बांधले जातात. ती परत आली काय, न आली काय, बँकेला त्याचे सोयरसुतक नाही. शिक्षण संपून वर्ष होताच हप्ता सुरू.

हे आम्ही शेजाऱ्यांना समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''भावाला एकदा विचारून येतो.'' चार दिवसांनी दोघेही आले. थोरल्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला, प्लॉट सुटायला किती वर्षे लागतील ते दोनदा विचारले आणि बोटांवर हिशेब केला. ते ब्याऐंशी वर्षांचे. हिशेब त्र्याण्णववर जाऊन थांबला. ''असू दे,'' म्हणाले, आणि कुठे सही करायची ते आम्हांस पेन्सिलीने खुणा करून द्यावयास सांगितले. पोरगी सप्टेंबरात गेली. जाण्यापूर्वी माउलीच्या देवळात जाऊन आली आणि आमच्याही पाया पडली. आम्ही तिच्याकडून काहीही कबूल करून घेतले नाही.