महाविद्यालयाचे दार आणि समतेचा अर्थ

प्रवेशासाठी आलेल्या अर्जांची गुणानुक्रमे यादी लावावी आणि जागा संपतील तेथे रेघ ओढावी, याहून न्याय्य रीत दुसरी नसेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्या समाजातून ती यादी तयार होते त्या समाजातच समता नसेल, तर त्या रेघेला न्याय म्हणता येईल काय? स्वतंत्र भारतात हा प्रश्न प्रथम मद्रासमध्ये ऐरणीवर आला.

त्या वेळी मद्रास राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत ३३० व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ३९५ जागा होत्या. सरकारी हुकमाप्रमाणे दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागासलेल्या हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती यांना आणि १ मुसलमानांना मिळे. १९५० मध्ये चंपकम दोराईराजन व श्रीनिवासन या दोन ब्राह्मण नागरिकांनी या हुकमास उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. केवळ गुण पाहिले असते, तर श्रीनिवासन यांना अभियांत्रिकीचे दार उघडले असते. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम संविधानाशी विसंगत ठरविला.

निर्णय कायद्याच्या शब्दाला धरून होता. पण ज्यांच्या घरी पाटीच प्रथम आली, त्यांची वाट त्याने बंद होत होती. म्हणून अवघ्या दहा आठवड्यांत, १८ जून १९५१ रोजी, पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यातील पंधराव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेले वर्ग आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्या उन्नतीसाठी खास तरतूद करण्याचा अधिकार राज्याला दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी कायदेमंत्री होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले होते. वेळेवर मिळालेल्या हातभाराने काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

या अधिकारालाही मर्यादा पडली. बेळगाव ज्यात होते त्या तेव्हाच्या म्हैसूर राज्याने १९६२ मध्ये वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या ६८ टक्के जागा राखून ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. हे निकालपत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांचे. राखीव जागा सामान्यतः ५० टक्क्यांहून कमी असाव्यात, असे त्यात म्हटले होते. मात्र खास तरतुदीचे तत्त्व त्यांनी नाकारले नाही.

या इतिहासाचा बोध असा, की राखीव जागा ही गुणवत्तेवर केलेली कुरघोडी नव्हे. गुण परीक्षेच्या दिवशी मोजले जातात. ते मिळविण्याची संधी मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाटली गेलेली असते. जेथे सर्व थरांतील मुले एका बाकावर बसतात, तेथून बाहेर पडणारा वैद्य आणि अभियंता आपल्या समाजाला अधिक ओळखतो. महाविद्यालयाचे दार थोडे रुंद करणे म्हणजे कोणावर उपकार नव्हे. तो राष्ट्राचाच लाभ आहे.