तोळाभर शिसं: बंदुकीच्या गोळीची कुळकथा

जळगावच्या सराफ बाजारात तोळ्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. आज बोलीत दहा ग्रॅमला तोळा म्हणायची रीत पडली आहे, पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. कंपनी सरकारनं 1833 मध्ये तो 180 ग्रेनवर पक्का केला आणि 1835 चा चांदीचा रुपया त्याच वजनाचा पाडला. आपली गुंज जशी रानातल्या बीवरून आली, तसा ग्रेन मुळात सातूचा दाणा. काळ गेला तसा ग्रेन बहुतेक तराजूंवरून उतरला, पण बंदुकीची गोळी मात्र अजून त्याच मापानं तोलली जाते. अमेरिकेत थंडीच्या तोंडावर पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस दुकानात उभा राहून 150 ग्रेनची गोळी घ्यावी की 180 ची, या विचारात पडतो. आपल्या सराफाच्या भाषेत त्याचा प्रश्न एवढाच: दहा मासे घेऊ, की पुरा तोळा?

वरवर हा वजनाचा हिशोब वाटतो. खरा हिशोब जखमेचा आहे. गोळी जनावराच्या अंगात शिरल्यावर काय करील, ते जागीच पडेल की पोटात गोळी घेऊन तीन दिवस झुडपात तडफडेल, हे त्या निवडीवर ठरतं. गोळीचा दोन-अडीचशे वर्षांचा प्रवास मी याच एका प्रश्नाभोवती वाचतो, आणि त्याची बरीच पानं खानदेशात उलगडतात.

आधी शब्दांचं कूळ पाहू. ‘गोळी’ म्हणजे लहान गोळा. इंग्रजीतला ‘बुलेट’ हा फ्रेंचांकडून आलेला शब्दही ‘छोटा गोळा’ असाच अर्थ सांगतो. आजची गोळी लांबट, टोकदार असली तरी दोन्ही भाषांनी तिचं बाळपणीचं गोल रूप नावात जपलं आहे. ‘बंदूक’ त्याहून जुनी. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलचं फळ, सुपारीएवढं. त्याच आकाराच्या मातीच्या गोळ्या धनुष्यातून मारत, म्हणून त्या गोळीला बुंदुक म्हणू लागले. दारूची नळी आली तेव्हा नाव तिच्याकडे गेलं. मातीच्या गोळ्या मारणारं ते धनुष्य मराठीत ‘गलोल’ म्हणून राहिलं. म्हणजे पाखरं हाकणाऱ्या पोराच्या हातातली गलोल ही नात्यानं बंदुकीची थोरली बहीण. ‘काडतूस’ मात्र पोर्तुगिजांच्या ‘कार्तुश’वरून आलं. गोळी आणि काडतूस या दोन वस्तू आपण बोलताना एक करतो. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असा सगळा संसार. नळीतून बाहेर पडते ती एकटी गोळी.

सातपुड्यात गोळी येण्याआधी तीरकामठा होता. ‘भिल्ल’ हे नावच धनुष्याच्या जुन्या द्राविडी शब्दावरून आलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. बाणाचं काम कापण्याचं. लोखंडी पातं आत शिरतं, रक्त वाहतं, जनावर थोडं पळून बसतं. त्यामुळे तिरंदाजाला दोन गोष्टी यायलाच हव्यात: जनावराच्या अगदी जवळ जाणं, आणि मारल्यावर त्याचा माग काढणं. वाळल्या पानावरचा रक्ताचा थेंब, मोडलेली काडी, मातीत रुतलेला खूर वाचत वाचत जनावरापर्यंत पोचायचं. घायाळ जनावर टाकून परत फिरायचं नाही, ही सगळ्या जातिवंत शिकाऱ्यांची पहिली शिस्त. ती बंदुकीनं शिकवली नाही. बंदूक घेऊन आलेल्यांना ती इथल्या मागकाढ्यांचा हात धरूनच पाळावी लागली.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी, 28 एप्रिल 1819 रोजी, मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्या लेण्यांच्या दहाव्या गुंफेत त्यानं खांबावर कोरलेलं नाव आजही आहे. 1825 मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांची पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. औट्रमनं भिल्लांचा विश्वास मिळवला तो बराचसा त्यांच्याबरोबर वाघामागे रानं तुडवून. त्याच्या खानदेशातल्या दहा वर्षांचा शिकारीचा हिशोब लिहून ठेवलेला आहे. त्यात दोनशेहून जास्त वाघ मारल्याची नोंद आहे, आणि नुसते जखमी झालेले वाघ, अस्वलं यांचा आकडा वेगळा दिला आहे. मला त्या हिशोबात मेलेल्यांच्या आकड्यापेक्षा हा दुसरा रकाना जास्त बोलका वाटतो. गोळीची पुढची सारी सुधारणा हा ‘जखमी’चा रकाना कोरा करण्याचा खटाटोप आहे.

औट्रमच्या काळातली बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी वर ठेवायची आणि गजानं ठासायची. गोळी शिशाची, कारण शिसं पाण्याच्या अकरापट जड आणि 327 अंशांवर वितळणारं. चुलीवर पळीत वितळवून साच्यात ओतलं की झाली गोळी. बंदुकीचं मापही या शिशावरूनच पडलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. आजही खेडोपाडी ‘बाराबोअर’ म्हणतात, त्यात हा साचा दडला आहे. त्या एका गोळीचं वजन भरतं सव्वातीन तोळे. इतकी जड, कारण काळी दारू तिला फार वेग देऊ शकत नसे. वेग कमी, म्हणून वजन हवं.

1857 च्या उठावात काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीनं केवढा वणवा पेटला, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याची धग खानदेशातही आली. सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक उठला आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्यानं हत्याराला परवाना लागू झाला. शिकार हळूहळू साहेबाची आणि संस्थानिकाची झाली, आणि ज्याचे डोळे त्या रानात मुरले होते तो हाकारा उरला.

याच सुमाराला शिकाऱ्यांत मोठा वाद रंगला होता. मध्य प्रांतात, सातपुड्याच्या पूर्वेकडच्या रानात काम करणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ यानं 1860 च्या दशकात शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याचा कौल जाड, गोल गोळीला होता. तिकडे लंडनच्या जेम्स पर्डीनं 1856 मध्ये हलक्या, वेगवान गोळीच्या रायफलीला नव्या आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ नाव दिलं होतं. एक्स्प्रेसच्या गोळीचं टोक पोकळ ठेवत, म्हणजे अंगात शिरताच ती फुलासारखी उमलावी. हरणावर ती अचूक काम करी. गव्याच्या किंवा वाघाच्या खांद्याच्या हाडावर मात्र ती वरच्या वर फुटे आणि आतल्या काळजापर्यंत पोचतच नसे. दोन्ही बाजूंनी चूक करता येते, हे तेव्हा कळलं. गोळी फार कडक असली तर सुईसारखी आरपार जाते आणि जनावर बारीक भोक घेऊन कोसभर पळतं. फार मऊ असली तर कातडीखालीच फुटते, आणि मागे राहते उथळ, चिघळणारी जखम.

1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयनं धूर न करणारी दारू बनवली आणि सगळं गणितच बदललं. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, म्हणून सव्वातीन तोळ्यांची गोळी तोळ्यावर आली. पण एवढ्या वेगात उघडं शिसं नळीत घासून चिकटू लागलं. त्यावर तोडगा स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिननं 1882 मध्येच काढून ठेवला होता: शिशाला तांब्याचा अंगरखा. सैन्यांनी तो चटकन उचलला. तेव्हा नवी तक्रार आली. 1895 च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रजी फौजेला वाटू लागलं की ही अंगरख्याची गोळी माणसातून आरपार जाते आणि त्याला थांबवत नाही. मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्र कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यानं टोकाकडचं शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली. तिनं केलेल्या जखमा इतक्या भयंकर होत्या की 29 जुलै 1899 रोजी हेगच्या परिषदेत, माणसाच्या शरीरात सहज पसरणारी किंवा चपटी होणारी गोळी युद्धात वापरायची नाही, असा जाहीरनामा झाला.

इथे गोळीच्या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. सैनिकाच्या गोळीनं पूर्ण अंगरखा घातला. तिनं उमलायचं नाही, असा नियम झाला. शिकारीच्या गोळीनं टोक उघडं ठेवलं. तिनं उमललंच पाहिजे, असा नियम झाला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पूर्ण अंगरख्याच्या गोळीनं हरीण मारणं आजही बेकायदा आहे. माणसाच्या बाबतीत दया म्हणजे कमी जखम, जनावराच्या बाबतीत दया म्हणजे झटपट मरण. हे दोन्ही नियम एकाच कळवळ्यातून आले आहेत.

पहिली शाखा जळगाव जिल्ह्यात नांदते. भुसावळजवळ वरणगावला 1964 मध्ये, चीन युद्धानंतरच्या निकडीत, आयुध निर्माणी सुरू झाली. सैन्याच्या रायफलींना लागणारी काडतुसं तिथे तयार होतात. कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्या निर्माणीच्या भोंग्यावर जगल्या. दुसऱ्या शाखेची आपल्याकडची आठवण म्हणजे 1869 मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली .315 ची काडतुसं. सैन्याची .303 रायफल खासगी माणसाला ठेवता येत नसे, म्हणून परवानाधारकांसाठी हे माप रूढ झालं. या काडतुसाची उघड्या टोकाची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे तोळाभर आणि वर चार मासे. पिकाच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी जुन्या घरांत टांगलेल्या कितीतरी रायफली याच मापाच्या होत्या.

शिकारी गोळीची पुढची वाटचाल अमेरिकेत झाली. 1946 च्या सुमारास जॉन नॉस्लर यांनी कॅनडात एका मूस हरणावर गोळ्या झाडल्या. चिखलानं माखलेल्या त्याच्या जाड अंगावर त्या वरच्या वर फुटल्या आणि जनावर पडेना. त्या अस्वस्थतेतून त्यांनी 1948 साली मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी बाजारात आणली. पडद्यापुढचं शिसं उमलतं, मागचं शाबूत राहून खोल जातं. फोर्सिथच्या वादाचं उत्तर असं ऐंशी-नव्वद वर्षांनी सापडलं. 1980 च्या दशकात निव्वळ तांब्याची गोळी आली. शिसं फुटलं की त्याचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत विखुरतात, आणि ती आतडी खाणारी गिधाडं विषबाधेनं मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांना वाचवण्यासाठी 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आली. म्हणजे गोळी निवडताना आता ज्याच्यावर नेम धरला त्याचाच विचार करून भागत नाही. नंतर तिथे उतरणाऱ्या पाखराचाही करावा लागतो.

आज अमेरिकेतला जाणता शिकारी निवड कशी करतो? पांढऱ्या शेपटीचं हरीण बांध्यानं आपल्या चितळाच्या जवळपासचं. कातडी पातळ, हाडं नाजूक. त्याला 130 ते 150 ग्रेनची, लवकर उमलणारी गोळी पुरते. ती फुप्फुसाच्या जागी गेली की जनावर काही पावलांत पडतं. सांबराएवढ्या एल्कला जड, बळकट, तोळाभराची गोळी लागते. अंतर जास्त असेल तर वेग उतरतो आणि कडक गोळी उमलतच नाही. मग बार न काढणं हीच योग्य निवड. आणि मागून काढलेला बार जनावराच्या पोटातून जाणार असेल, तर कोणतीच गोळी योग्य नसते.

खानदेशानं हा प्रश्न वेगळ्या वाटेनं सोडवला. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्यानं शिकारीला परवान्याच्या चौकटीत आणलं. 1969 मध्ये सातपुड्यात यावल अभयारण्य झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार लावलं. 1986 मध्ये चाळीसगाव आणि कन्नडच्या मधल्या डोंगरात अभयारण्य घोषित झालं, त्याचं नाव गौताळा-औट्रमघाट. ज्याच्या हिशोबात दोनशेहून जास्त वाघ मेले, त्याचं नाव आज जनावरांच्या आसऱ्याला आहे.

पण औट्रमचा तो दुसरा रकाना अजून कोरा झालेला नाही. रानडुकरासाठी पुरलेला गावठी बॉम्ब, शेताच्या बांधाला लावलेली विजेची उघडी तार, पाणवठ्यावरचा तारेचा फास. यांत नेम नसतो आणि निवडही नसते. पुढे येईल त्याचा जबडा नाहीतर पाय जातो. केळीची बाग एका रात्रीत आडवी झालेल्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, आणि त्याला वन खात्याकडून वेळेवर भरपाई आणि वेळेवर परवानगी मिळणं हा त्याचा हक्क आहे. त्या हक्काच्या अभावी तो तारेकडे वळतो, तेव्हा गोळीनं दोनशे वर्षांत जे शिकलं ते सगळं एका रात्रीत पुसलं जातं.

तीरकामठ्यावाला भिल्ल जखमी जनावराचा माग सोडत नव्हता. तो माग आता आपल्यापाशी येऊन थांबला आहे.