सरपटणाऱ्या रोगाचा इतिहास

प्राचीन ग्रीक वैद्यांनी त्वचेवर पसरत जाणाऱ्या व्रणांना ‘हर्पीस’ हे नाव दिले, ते ‘सरपटणे’ या अर्थाच्या धातूवरून. संस्कृतातील ‘सृप्’ हा त्याचाच सगोत्र धातू. मराठीत ‘नागीण’ म्हणून ओळखला जाणारा विकार मात्र वेगळा. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. ओठांवर किंवा गुह्यांगावर वारंवार फोड आणणाऱ्या हर्पीसचा विषाणू त्याच कुळातला, पण निराळा.

गुह्यांगावरील हर्पीसचे वर्णन ज्याँ आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने १७३६ साली केले. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे एमिल विदालने १८९३ मध्ये दाखविले. तरीही फोड म्हणजेच रोग आणि फोड वाळला की भय सरले, ही समजूत दीर्घकाळ टिकून राहिली.

या समजुतीला पहिला धक्का १९३९ साली बसला. एकदा शरीरात शिरलेला विषाणू तेथेच सुप्त राहतो व प्रसंगविशेषी पुन्हा जागा होतो, असे मॅकफर्लेन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने ऑस्ट्रेलियात प्रतिपादन केले. मज्जातंतूंच्या गाठींत त्याचा आजन्म मुक्काम असतो, हे पुढे सिद्ध झाले. साहजिकच, आज उठलेला पहिला फोड हा अनेक वर्षांपूर्वीच्या संसर्गाचाही असू शकतो. केवळ त्यावरून पतीने पत्नीवर किंवा पत्नीने पतीवर व्यभिचाराचा आरोप करणे शास्त्राला धरून नाही.

दुसरा धक्का अधिक मोठा होता. अमेरिकेत एका जोडीदारास हा रोग असलेल्या १४४ जोडप्यांवर सुमारे वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १४ जोडप्यांत संसर्ग पसरल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांत तो बाधित जोडीदाराच्या अंगावर फोड नसतानाच झाला होता. डोळ्यांना काही न दिसताही त्वचेतून विषाणू बाहेर पडत असतो, याचा हा पुरावा होता.

उपायांचा इतिहासही याच काळातला. ॲसायक्लोव्हिर या औषधाच्या शोधाशी निगडित असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्गातील व्हॅलासायक्लोव्हिर बाधित जोडीदाराने रोज घ्यावे, असा प्रयोग १,४८४ जोडप्यांवर झाला. २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रकट झाले. आठ महिन्यांत औषधाविना २७ जोडीदारांना संसर्ग झाला, तर औषधाने १४ जणांना. धोका निम्म्यावर आला, पण संपला नाही. निरोधानेही तो कमी होतो, पूर्ण टळत नाही. कारण निरोधाने न झाकलेल्या त्वचेतूनही संसर्ग होऊ शकतो. फोड असताना, किंवा तत्पूर्वीची चुरचुर जाणवताच, शरीरसंबंध वर्ज्य करणे हे पथ्य तर आहेच. गर्भवतीने ही गोष्ट वैद्यांपासून मुळीच लपवू नये. गरोदरपणाच्या अखेरीस झालेला पहिला संसर्ग नवजात बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

२००६ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संसर्ग झालेल्या व्यक्तींपैकी ज्यांना जोडीदाराने आपल्या रोगाची आगाऊ कल्पना दिली होती, त्यांना तो होण्यास मध्यमानाने २७० दिवस लागले. ज्यांना अंधारात ठेवले होते, त्यांना अवघे ६०. औषध आणि निरोध यांच्या जोडीला विश्वासाने सांगितलेला एक शब्दही संरक्षण देतो, असे हे आकडे सुचवितात. लज्जेपोटी तोच शब्द आजही अनेक घरांत उच्चारला जात नाही.