पितृपक्षातला पूर: एक तळटीप

* लेखकाने इथे दोन पूर एकात मिसळले आहेत. पितृपक्षातला पूर सप्टेंबर २००८चा. ‘उद्या श्रावण लागणार’ ही घरातली गडबड मात्र २ ऑगस्ट २०१६ची. दोन्ही वेळी गोदावरीचे पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यावर गेले. नाशिककर पूर मोजतात तो याच मारुतीवर, त्यामुळे गफलत समजण्यासारखी आहे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा ‘डेंटेट गायरस’ हा भाग अशा जुळ्या आठवणी वेगळ्या ठेवतो. तिथे पेशी पुष्कळ, पण एका वेळी जागतात अगदी थोड्या. म्हणून जवळपास सारख्या प्रसंगांनाही पेशींचे निराळे संच मिळतात. शेजारचा ‘सीए३’ उलटे काम करतो: नुसता मारुती दिसला की अख्खा पूर डोळ्यांपुढे उभा करतो. (या विचाराचे एक मूळ डेव्हिड मार यांच्या १९७१च्या सिद्धान्तात आहे.) उतारवयात पहिले काम मंदावते आणि दुसरे वरचढ होते. ‘म्हातारा विसरला’ हा शेरा म्हणूनच आम्हांला अन्यायाचा वाटतो. मजकूर हस्तलिखिताबरहुकूम ठेवला आहे. पुढच्या परिच्छेदातला पूर वाचकांनी २०१६चा समजावा. — संपा.