मेरुरज्जू उत्तेजक : चार्जिंग व निगा

मेरुरज्जू उत्तेजक : औषधे, व्यायाम व शस्त्रक्रिया यांनी न शमणाऱ्या दीर्घकालीन वेदनेवर वापरायचे, शरीरात बसवलेले विद्युत उपकरण. ते मेरुरज्जूला सौम्य विद्युत स्पंद देऊन मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांत फेरफार करते. मूळ विकार त्याने बरा होत नाही. वेदना सुसह्य करणे एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. उपकरण बसवलेल्या अनेक रुग्णांना आतली बॅटरी स्वतः, घरी बसून, वर्षानुवर्षे चार्ज करावी लागते. हे चार्जिंग उपचाराचाच भाग आहे.

रचना : उपकरणाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे इलेक्ट्रोड असलेल्या बारीक तारा. त्या मणक्यांच्या पोकळीत, मेरुरज्जूभोवतीच्या जाड आवरणाच्या बाहेर बसवतात. दुसरा भाग स्पंदजनित्र. टायटॅनियमच्या हवाबंद डबीत बॅटरी, इलेक्ट्रॉनिक मंडल व चार्जिंगसाठी तारेचे वेटोळे असते. ही डबी कमरेच्या वरच्या भागात, कुल्ल्यावर किंवा पोटाच्या बाजूला त्वचेखाली कप्पा करून ठेवतात. रुग्णाजवळ रिमोट आणि चार्जर असतो. रिमोटने उत्तेजन कमीजास्त करता येते, बंद करता येते आणि बॅटरीची पातळी पाहता येते.

इतिहास : रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ मांडला. स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड तंतू उत्तेजित झाले, तर वेदनेच्या संदेशांना मेरुरज्जूतच अटकाव होतो, असा त्याचा आशय. त्याच्या आधारे नॉर्मन शीली या मेंदूशल्यतज्ज्ञांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे कर्करोगाच्या एका रुग्णावर पहिले उत्तेजक बसवले. सुरुवातीच्या अनेक उपकरणांत आत बॅटरीच नव्हती. आतल्या ग्राहकाला बाहेरच्या प्रक्षेपकाकडून रेडिओलहरींनी ऊर्जा मिळे, त्यामुळे उपचार चालू असेपर्यंत अँटेना अंगाला चिकटवून ठेवावी लागे. १९८० च्या दशकात बॅटरीसह पूर्णपणे शरीरात बसणारी उपकरणे आली, पण बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे.

शरीरातली बॅटरी बाहेरून चार्ज करण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला गेला. त्याची निकेल-कॅडमियम बॅटरी बाहेरच्या वेटोळ्याने चार्ज होत असे. तो काही तासांतच बंद पडला. पुढे अनेक पेसमेकर बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. हृदयाच्या उपकरणांत नंतर दीर्घायुषी लिथियम बॅटऱ्या रुळल्या आणि चार्जिंगची गरज उरली नाही. मेरुरज्जू उत्तेजकाला पेसमेकरपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा लागते, म्हणून येथे चार्जिंगची पद्धत परत आली. रीचार्ज होणाऱ्या पहिल्या मेरुरज्जू उत्तेजकाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली.

उपयोग व मर्यादा : पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही न थांबलेली कंबर-पायांची वेदना, इजेनंतर हातापायात उरणारी गुंतागुंतीची प्रादेशिक वेदना आणि मधुमेहामुळे नसांना होणारी दाहक वेदना यांसाठी हे उपकरण प्रामुख्याने वापरतात. मधुमेही नसविकारासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. कायमचे उपकरण बसवण्यापूर्वी काही दिवस चाचणी घेतात. त्या काळात तारा आत आणि बॅटरी बाहेर असते. वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झाली, तर चाचणी यशस्वी मानतात. या चाचणीत उपकरणाचा गुण कळतो, पण चार्जिंगचा अनुभव येत नाही, कारण आत बॅटरीच नसते.

उपचाराच्या परिणामकारकतेबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. नॉर्वेतील ५० रुग्णांच्या एका अभ्यासात (२०२२) एका प्रकारचे उत्तेजन आणि बंद ठेवलेले उपकरण यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. कंबरदुखीवरील संशोधनाचा कॉक्रेन आढावाही (२०२३) प्रतिकूल होता. दुसरीकडे, मधुमेही नसविकारासारख्या स्थितींत अनेक रुग्णांना आराम पडल्याचे अभ्यास आहेत. म्हणून रुग्णाची निवड काटेकोर असावी लागते.

चार्जिंगचे तत्त्व : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे वापरतात. चार्जरच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो आणि बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते त्वचा ओलांडून आतल्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण करते. हा प्रवाह एकदिश करून लिथियम-आयन बॅटरीत साठवला जातो. त्वचेला छिद्र नसते, बाहेर तार येत नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाची वाट उघडी राहत नाही. टायटॅनियमचे कवच क्षेत्राचा काही भाग अडवते आणि त्यात निर्माण होणाऱ्या प्रवाहांमुळे डबी थोडी गरम होते. ठरावीक तापमानाला चार्जिंग मंदावणे किंवा थांबणे ही सोय त्यामुळेच ठेवलेली असते.

ऊर्जा नीट पोचण्यासाठी दोन वेटोळी जवळ आणि समोरासमोर हवीत. म्हणून रीचार्ज होणारी डबी त्वचेखाली फार खोल ठेवत नाहीत; साधारण १ ते २ सेंमी. खोली पाळतात. चार्जर थोडा जरी सरकला तरी जोडणी क्षीण होते. त्याची सूचना आवाजाने, दिव्याने किंवा पडद्यावरील पट्ट्यांनी मिळते. चार्जर जागेवर राहावा यासाठी कमरेचा पट्टा किंवा चिकटपट्टी वापरतात.

किती वेळा : वारंवारता, स्पंदाची लांबी व प्रवाहाची तीव्रता यांवर ऊर्जेचा खर्च ठरतो. सेकंदाला ५० स्पंद, प्रत्येकी ३०० मायक्रोसेकंद, अशा पारंपरिक उत्तेजनात दर सेकंदाला १५ मिलिसेकंद प्रवाह वाहतो. सेकंदाला १०,००० स्पंद, प्रत्येकी ३० मायक्रोसेकंद, अशा उच्च वारंवारतेत तो ३०० मिलिसेकंद, म्हणजे वीसपट वेळ वाहतो. तीव्रता कमी ठेवली तरी एकूण खर्च बराच वाढतो. त्यामुळे उच्च वारंवारतेच्या उपकरणांना बहुधा रोज अर्धा-पाऊण तास चार्जिंग लागते. पारंपरिक उत्तेजनाला आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरते. काही सेकंद चालू व काही मिनिटे बंद अशा खंडित पद्धतीत खर्च इतका उतरतो, की काही नव्या उपकरणांना वर्षातून मोजक्या वेळा चार्जिंग पुरते. रिकामी बॅटरी भरायला उपकरणानुसार एकापासून काही तास लागतात. एक वेळ ठरवून थोडे थोडे चार्ज करणे बहुतेकांना सोयीचे पडते.

अडचणी : शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यांत सूज असल्याने जोडणी नीट लागत नाही. वजन वाढले तर डबीवरील चरबीचा थर जाड होतो. क्वचित डबी कप्प्यात उलटी फिरते आणि चार्जिंग थांबते. तेव्हा छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. काही जुन्या उपकरणांत बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी झाली तर ती कायमची निकामी होत असे. नव्या रचनांत हा दोष बराच दूर झाला आहे. पाठीमागचा चार्जर स्वतः लावणे हात थरथरणाऱ्या, दृष्टी अधू असलेल्या किंवा विस्मरण जडलेल्या रुग्णाला जमत नाही. अशा रुग्णाच्या घरातल्या माणसाला चार्जिंग शिकवावे लागते.

सुरक्षितता : झोपेत चार्जिंग करू नये, चार्जर सरकून किंवा दबून त्वचा भाजू शकते. चार्जर उघड्या जखमेवर किंवा न भरलेल्या टाक्यांवर ठेवू नये. चटका जाणवला तर लगेच थांबावे. चार्जर दुसऱ्याच्या पेसमेकरजवळ नेऊ नये. गाडी चालवताना चार्जिंग करू नये. झिणझिण्या जाणवणारे उत्तेजनही त्या वेळी बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. फिजिओथेरपीत शेक म्हणून दिली जाणारी डायथर्मी या रुग्णांना पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण तारांच्या टोकांशी ऊर्जा एकवटून गंभीर इजा होऊ शकते. एमआरआयपूर्वी उपकरणाचा नमुना दाखवावा, बॅटरी पुरेशी चार्ज करावी आणि उपकरण एमआरआय-स्थितीत न्यावे.

बॅटरीची निवड : रीचार्ज न होणारी बॅटरी वापरानुसार साधारण २ ते ५ वर्षे टिकते, नंतर डबी बदलतात. रीचार्ज होणारी ९-१० वर्षे किंवा त्याहून अधिक टिकावी अशी अपेक्षा असते आणि डबीही लहान असते. पहिली महाग पडते ती वारंवारच्या शस्त्रक्रियेमुळे. दुसरीत रुग्णाला वेळ व शिस्त द्यावी लागते. तरुण, कामावर जाणारा, जास्त ऊर्जेचे उत्तेजन लागणारा रुग्ण रीचार्ज होणाऱ्या बॅटरीकडे वळतो. एकट्या वृद्धाला पहिली बरी.

संयुक्त अरब अमिरातीतील स्थिती : २०१५ मध्ये सुरू झालेल्या क्लीव्हलँड क्लिनिक अबू धाबीसारख्या मोठ्या रुग्णालयांच्या वेदनाचिकित्सा विभागांत हा उपचार मिळतो. रुग्णालयांचे परवाने दुबईत दुबई हेल्थ ऑथॉरिटी व अबू धाबीत आरोग्य विभाग देतो. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके तेथे नियंत्रित आहेत आणि परदेशातून आणताना परवानगी घ्यावी लागते. औषधांवरचे अवलंबन कमी करणारा उपचार म्हणूनही रुग्ण उत्तेजकाचा विचार करतात.

रत्नागिरी-रायगडपासून पुण्या-मुंबईपर्यंतच्या अनेक मराठी कुटुंबांतली माणसे अमिरातीत नोकरीला आहेत. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न काळाचा आहे. नोकरीशी जोडलेला निवासी परवाना साधारण २ वर्षांचा असतो, उपकरण मात्र १० वर्षे शरीरात राहते. आरोग्यविमा २०२५ पासून सातही अमिरातींत सक्तीचा झाला, पण तो बहुधा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की संरक्षण सुटते. म्हणून उपकरण निवडतानाच त्या कंपनीची सेवा भारतात मिळते का, हे विचारावे. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी तंत्रिका-उत्तेजनाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. अशा केंद्राशी अगोदरच संपर्क ठेवणे हिताचे. उपकरणाचे ओळखपत्र, नमुना व अनुक्रमांक, तारांची जागा आणि चालू कार्यक्रम यांची प्रत रुग्णाकडे असावी.

उन्हाळ्यात अमिरातीत पारा ४५ अंशांवर जातो. बंद मोटारीत ठेवलेला चार्जर तापून बिघडू शकतो. घामाने पट्टा सरकतो व त्वचा लाल होते, म्हणून वातानुकूलित खोलीत, कोरड्या त्वचेवर, पातळ सुती कापडावरून चार्ज करावे. अमिरातीतील वीज भारतासारखीच २३० व्होल्टच्या आसपास, ५० हर्ट्झची आहे; फक्त भिंतीतले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असते. सुटीला गावी येताना पिन बदलणारा ॲडॅप्टर पुरतो.

प्रवास : चार्जर व रिमोट हातसामानातच ठेवावेत, सामान हरवले तर उपचार थांबतो आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी. विमानतळावर ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी मागावी. ती मिळाली नाही तर धातुशोधक चौकटीतून, तसेच मॉलच्या दारातील चोरीरोधक खांबांमधून न रेंगाळता मधून चालावे. तेथे उत्तेजन क्षणभर वाढल्यासारखे वाटू शकते.

मृत्यूनंतर : दहनाच्या उष्णतेत बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी उपकरण काढावे लागते. ही माहिती रुग्णाने हयातीतच घरच्यांना द्यावी. परदेशात हे सांगणारे दुसरे कोणी नसते.

निष्कर्ष : चाचणीने वेदना किती कमी होते एवढेच कळते, चार्जरबरोबर दहा वर्षे कशी जातील, ते कळत नाही. त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने चार्जर हातात घेऊन, कमरेला पट्टा बांधून पाहावा, तो आपल्याला एकट्याने लावता येतो का हे तपासावे आणि घरातल्या एका माणसाला सोबत बसवावे. डॉक्टरांनीही या तपासणीसाठी वेळ राखून ठेवलाच पाहिजे.